पाण्याची परीक्षा विजेकडून

भिवपुरीचे नाव निघाले म्हणजे कर्जत-खालापूर भागातील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर सह्याद्रीच्या पायथ्याचे वीजगृह उभे राहते. घाटमाथ्यावर मावळात आंद्रा नदी अडवून ठोकरवाडीचा तलाव बांधला गेला, त्याचे पाणी बोगद्यातून व पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली आणले गेले, आणि १९२२ साली त्या पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चक्रांनी मुंबईसाठी वीज निर्माण करण्यास प्रारंभ केला. खोपोलीचे वीजगृह त्याहूनही सात वर्षांनी जुने. चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी वाया जात नाही. ते राजनाल्याच्या कालव्याने शेते भिजवते, आणि पेज व उल्हास नद्यांवाटे खालच्या शहरांची तहान भागवते. पाण्यापासून वीज कशी होते हा पाठ शिकवावयास आपल्या शिक्षकांना दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्याच्या उलट दिशेचा आहे. पाण्याने वीज दिली. आता विजेने पाण्याविषयी काही सांगावे, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न चालू आहे. पिण्याच्या पाण्यात रोगजंतूंचा शिरकाव झाला आहे किंवा नाही, हे विजेच्या अत्यंत सूक्ष्म प्रवाहावरून ओळखणारी उपकरणे गेल्या काही दशकांत प्रयोगशाळांतून आकारास येत आहेत. त्यांना विद्युत्-रासायनिक संवेदक असे म्हणतात. ह्या उपकरणांचे मर्म काय, त्यांच्याकडून कोणती अपेक्षा करावी व कोणती करू नये, आणि ती गावापर्यंत येईतो शिक्षकाने काय करावे, एवढ्याच गोष्टींचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रश्न आजचा, उत्तर परवाचे

जुलै महिन्यातील एखाद्या सकाळची कल्पना करा. रात्रभर पाऊस कोसळला आहे. वाडीवरून येणाऱ्या मुलांपैकी दोघे-तिघे आज आलेले नाहीत. जुलाब होत असल्याचे त्यांची भावंडे सांगतात. शाळेच्या टाकीतील पाणी मात्र नेहमीसारखेच दिसते. वास नाही, रंग नाही. मधल्या सुट्टीस मुले नळावर धावणार, त्याच पाण्याने आहाराची भांडी विसळली जाणार. गुरुजींनी नमुना बाटलीत भरून तपासणीस धाडला, तरी त्याचे उत्तर येण्यास निदान एक-दोन दिवस लागणार. तोवर मुलांनी ते पाणी प्यावे की न प्यावे?

पाण्याच्या जंतुपरीक्षेची सारी अडचण ह्या एका प्रश्नात सामावलेली आहे. परीक्षा होत नाही असे नाही. ती उत्तम रीतीने होते. परंतु जेव्हा निकाल हाती येतो तेव्हा ते पाणी पिऊन झालेले असते. ही मधली वाट पाहण्याची वेळ कमी व्हावी, एवढ्यासाठीच नव्या संवेदकांचा सारा खटाटोप आहे.

निर्मळ आणि निर्जंतुक

डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांच्या मनावर प्रथम ठसविले पाहिजे. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जीवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर लांब असतो. म्हणजे असे पाचशे जीवाणू एकापुढे एक ठेवले तर त्यांची रांग एक मिलिमीटर भरेल. पाण्याच्या एका मिलिलीटरमध्ये ते लाखभर असले तरी पाणी गढूळ दिसत नाही.

आपल्या भागात हा धोका विशेष जाणवतो. कर्जत-खालापूरच्या ठाकूर व कातकरी वाड्यांतून झरे, विहिरी व विंधणविहिरी हेच पुष्कळदा पाण्याचे आधार असतात; उन्हाळ्यात ओहोळाच्या पात्रात खणलेल्या डवऱ्यांतून वाटी-वाटीने पाणी भरावे लागते. पहिल्या पावसाबरोबर माळावरील शेण व विष्ठा वाहून ह्याच ठिकाणी येते. जेथे नळ आले आहेत तेथे आणखी एक गोष्ट घडते. नळाला पाणी ठरावीक वेळीच सुटते. पाणी बंद झाले की नळातील दाब उतरतो, आणि नळ गटाराजवळून जात असून त्यास चीर पडलेली असली तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. उगमाशी शुद्ध असलेले पाणी तोटीशी अशुद्ध होते ते असे.

हे संकट केवळ खेड्यांचे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या परिसरात गुलेन-बारी सिंड्रोम ह्या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी मोठ्या संख्येने आढळले. हातापायांतील शक्ती जाणे हे त्याचे लक्षण. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. महानगराच्या वेशीवर असे घडू शकते, तर आपण सावध राहणे किती अगत्याचे आहे हे वेगळे सांगावयास नको.

येथे कोणी विचारील की, रोगजंतू अनेक आहेत, मग परीक्षेत ई. कोलायचेच नाव का घेतात? थिओडोर एशेरिख ह्या वैद्याने १८८५ साली प्रथम वर्णिलेला हा जीवाणू मनुष्याच्या व उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात सदैव वसतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. तथापि तो पाण्यात सापडला की त्या पाण्याला विष्ठेचा संसर्ग झाला हे सिद्ध होते. आणि विष्ठा जेथे पोहोचली तेथे पटकी, विषमज्वर व हगवण ह्यांचे जंतूही पोहोचू शकतात. चोर दिसला नाही तरी पाऊलखुणांवरून त्याची वाट कळते, तशातला हा प्रकार. म्हणून भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलीटर नमुन्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये.

जुनी कसोटी आणि तिची धीमी चाल

रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू रुग्णांच्या आतड्यात व तेथील एका तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. त्याने रूढ केलेला मार्ग असा की, अदृश्य जंतूला पोषक अन्न व उबारा देऊन वाढू द्यावे, म्हणजे त्याची वसाहत डोळ्यांना दिसू लागेल. ह्याला संवर्धन म्हणतात. आजही पाण्याच्या परीक्षेची अधिकृत कसोटी हीच आहे. १०० मिलिलीटर पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळतात, पटल पोषक द्रव्यावर ठेवून उबदार पेटीत ठेवतात, आणि सुमारे चोवीस तासांनी उमटलेले ठिपके मोजतात. संशयाचे निरसन करण्यास आणखी एक दिवस लागतो.

खेड्यापाड्यांसाठी ह्याहून सोपी युक्ती भारतातच निघाली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव ह्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली हायड्रोजन सल्फाइड वायूवर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. लहान बाटलीत औषधी कागद असतो. त्यात पाणी भरून ठेवावे. विष्ठेबरोबर येणारे जीवाणू असल्यास ते हा वायू सोडतात व बाटलीतील पाणी काळे पडते. वीज नको, प्रयोगशाळा नको. ही युक्ती गावोगावी उपयोगी पडली आहे. परंतु तिलाही एक ते दोन दिवस लागतातच, कारण जीवाणू वाढण्याची वाट पाहणे तिलाही चुकलेले नाही.

विरजणाचा दृष्टांत

आता विजेकडे वळण्यापूर्वी क्षणभर स्वयंपाकघरात जाऊ. एकसारख्या कोमट दुधाच्या दोन वाट्या घ्या. एकीत चमचाभर विरजण घाला, दुसरीत केवळ थेंबभर. दोन्ही दुधे लागतील, पण पहिले लवकर व दुसरे उशिरा. ह्याचा अर्थ असा की, दही लागण्यास किती वेळ लागला ह्यावरून आरंभी विरजण किती होते ह्याचा अंदाज करता येतो. जीवाणू न मोजता, त्यांनी केलेल्या कामास लागलेला वेळ मोजून त्यांची संख्या कळली.

जीवाणूंचे काम म्हणजे तरी काय? ते दुधातील साखर खातात व तिचे आम्ल करतात. साखरेच्या कणावर विद्युत्भार नसतो, म्हणून ती पाण्यात विरघळली तरी वीज वाहून नेत नाही. आम्लाचे मात्र पाण्यात भारित कण होतात. त्यांना आयन म्हणतात. हे आयन वीज वाहून नेतात. म्हणजे जीवाणू जसजसे जेवतात तसतसा द्रवातून वीज वाहण्याचा मार्ग सुगम होत जातो. जी. एन. स्ट्युअर्ट ह्या संशोधकाने जीवाणूंच्या वाढीबरोबर द्रवाची विद्युत्-संवाहकता बदलते, हे १८९९ मध्येच दाखविले होते. पुढे १९११ मध्ये इंग्लंडातील डरॅम येथील पॉटर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जीवाणूंच्या संवर्धनातून प्रत्यक्ष अल्पसा विद्युत्प्रवाहही मिळविला. नव्या संवेदकांचे मूळ इतके जुने आहे.

येथे गणिताच्या तासास जोडता येईल असा एक हिशेब आहे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, अशा क्रमाने सात तासांत एकवीस वेळा दुप्पट झाल्यावर एकाचे वीस लाखांहून अधिक जीवाणू होतात. संवाहकतेतील बदल उपकरणाला स्पष्टपणे कळण्यास एका मिलिलीटरमध्ये साधारणतः दहा लाखांच्या आसपास जीवाणू असावे लागतात. तेव्हा आरंभी एका मिलिलीटरमध्ये एकच जीवाणू असेल तर उपकरण सुमारे सात तासांनी बोलेल. हजार असतील तर दहा वेळा दुप्पट होण्याचा, म्हणजे तीन तासांहून अधिक, वेळ वाचेल. प्रत्यक्षात जीवाणूस नव्या अन्नाची सवय होण्यासही वेळ लागतो, म्हणून हे आकडे केवळ रीत समजण्यापुरते घ्यावेत. परंतु डोळ्यांना वसाहत दिसण्याच्या कितीतरी आधी विजेला तिची चाहूल लागते, ही गोष्ट त्यावरून ध्यानात येईल.

संवेदकाची रचना

विद्युत्-रासायनिक संवेदक हा शब्द अवघड वाटला तरी तशी एक वस्तू आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. मधुमेही मनुष्य बोटाच्या टोकाशी रक्ताचा थेंब काढून ज्या छोट्या यंत्राने साखर तपासतो, ते यंत्र म्हणजे विद्युत्-रासायनिक संवेदकच होय. अमेरिकेतील लेलँड क्लार्क व लायन्स ह्यांनी १९६२ मध्ये ह्याची कल्पना मांडली, आणि १९८७ च्या सुमारास असे घरगुती यंत्र बाजारात आले. त्यातील पट्टीवर कार्बनच्या शाईने छापलेल्या बारीक रेघा असतात. त्या म्हणजे वीज नेणारी टोके, अर्थात विद्युदग्रे. पट्टीवर एक एन्झाइम सुकवून बसविलेले असते. एन्झाइम म्हणजे सजीवांच्या शरीरात विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. ते केवळ रक्तातील साखर ओळखते, तिच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेते, आणि ते इलेक्ट्रॉन विद्युदग्राकडे पोहोचले की प्रवाह वाहतो. साखर जितकी अधिक, तितका प्रवाह अधिक.

ह्यावरून कोणत्याही संवेदकाचे दोन भाग ध्यानात येतील. एक, नेमके हवे तेच ओळखणारा भाग. आणि दुसरा, त्या ओळखीचे विजेच्या आकड्यात रूपांतर करणारा भाग. पाण्यातील जीवाणूंसाठी हे दोन भाग तीन रीतींनी जुळविले जातात.

पहिली रीत वर सांगितलेल्या संवाहकतेची. पोषक द्रव्यात जीवाणू वाढू द्यावे व वीज किती सुगमपणे वाहते हे मिनिटामिनिटाला पाहावे.

दुसरी रीत जीवाणूच्या स्वतःच्या एन्झाइमावर आधारलेली आहे. ई. कोलाय व त्याच्या भाऊबंदांजवळ दुधातील साखर तोडणारे बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचे एन्झाइम असते, ई. कोलायच्या बहुतेक प्रकारांजवळ बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचे आणखी एक एन्झाइम असते, आणि ते पाण्यातील इतर जीवाणूंत क्वचितच आढळते. शास्त्रज्ञ पाण्यात एक जोडद्रव्य घालतात. त्याचा एक भाग साखरेसारखा, आणि दुसरा पॅरा-ॲमिनोफिनॉल ह्या द्रव्याचा. जोड शाबूत आहे तोवर विद्युदग्र मौन पाळते. जीवाणूच्या एन्झाइमाने जोड तोडली की पॅरा-ॲमिनोफिनॉल सुटे होते, विद्युदग्राला इलेक्ट्रॉन देते, आणि प्रवाह वाहू लागतो. कुलूप व किल्ली ह्यांच्यासारखा हा प्रकार आहे. किल्ली ज्याच्यापाशी आहे तोच कुलूप उघडणार, आणि कुलूप उघडल्याची वर्दी वीज देणार.

तिसऱ्या रीतीत जीवाणूला पकडूनच ठेवतात. सोन्याच्या पातळ विद्युदग्रावर प्रतिपिंडे बसवितात. रोगजंतू ओळखून त्यांना चिकटण्यासाठी प्राण्याचे शरीर जी प्रथिने निर्माण करते, तीच ही प्रतिपिंडे. पाणी वरून गेले की ई. कोलाय त्यांना चिकटून बसतो. मग इलेक्ट्रॉनांची सहज देवघेव करणारे एखादे लोहयुक्त क्षार घालून प्रवाहाला किती अडथळा होतो हे मोजतात. दारात माणसे बसली की ये-जा मंदावते. त्याप्रमाणे जीवाणू बसले की विद्युदग्राशी होणारी देवघेव मंदावते व रोध वाढतो. येथे वाढीची वाट पाहावी लागत नसल्याने उत्तर तासाभरात, कधी काही मिनिटांतही मिळू शकते.

मग हे उपकरण अद्याप शाळेत का नाही?

प्रयोगशाळेत जे साधते ते विहिरीवर का साधत नाही, ह्याचीही कारणे शिक्षकाने जाणून घेतली पाहिजेत.

पहिली अडचण विरळपणाची. १०० मिलिलीटरमध्ये एकही जीवाणू नसावा असा नियम आहे, म्हणून संवेदकाने तेवढ्या पाण्यातील एकुलता एक जीवाणूही हुडकला पाहिजे. हे किती कठीण आहे? ई. कोलायचे आकारमान व १०० मिलिलीटर पाणी ह्यांचे जे प्रमाण, त्याच प्रमाणात तांदळाचा एक दाणा ठेवावयाचा तर त्यास सुमारे वीस लाख घनमीटर पाणी लागेल. म्हणजे एखाद्या लघुपाटबंधारे तलावात टाकलेला तांदळाचा एकच दाणा शोधून काढण्यासारखे हे काम आहे. संवेदकावर तर पाण्याचे काही थेंबच मावतात. म्हणून आधी पाणी गाळून, किंवा प्रतिपिंडे लावलेल्या चुंबकीय कणांनी ओढून, जीवाणू एका ठिकाणी गोळा करावे लागतात. ह्या पूर्वतयारीतच वेळ व पैसा खर्च होतो.

दुसरी अडचण जिवंत व मृत ह्यांतील भेदाची. क्लोरीनने मेलेला जीवाणूही प्रतिपिंडाला चिकटतो. त्यामुळे शुद्ध केलेल्या पाण्यासही तिसऱ्या रीतीचा संवेदक दूषित ठरवू शकेल. वाढीवर आधारलेल्या पहिल्या रीतीत हा दोष नाही, पण ती वेळ घेते. शीघ्रता व निश्चिती ह्यांची ही ओढाताण अद्याप पुरती मिटलेली नाही.

तिसरी अडचण पाण्याचीच. आपल्या पावसाळी पाण्यात माती व कुजलेल्या पानांचा अंश असतो; तो विद्युदग्रावर बसून त्याची धार बोथट करतो. पाण्यातील क्लोरीनही विद्युदग्राशी क्रिया करतो व खोटा आकडा दाखवू शकतो. शिवाय प्रतिपिंडे व एन्झाइमे उष्णतेने खराब होतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात ठेवलेली पट्टी कितपत विश्वासू राहील हा प्रश्नच आहे.

चौथी गोष्ट अशी की ई. कोलाय नाही म्हणजे सर्व काही निर्धोक आहे असेही नव्हे. १९५५ च्या अखेरीस व १९५६ च्या आरंभी दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीची भयंकर साथ आली. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. कारण होते विषाणू, आणि जीवाणू मारण्यापुरता क्लोरीन त्यांना पुरा पडला नव्हता. जीवाणूंचा संवेदक विषाणूंविषयी मौनच राहतो.

ह्या कारणांमुळे असे संवेदक आज मुख्यतः संशोधनाच्या क्षेत्रात आहेत, आणि पाणी योग्य वा अयोग्य ठरविण्याचा अधिकार संवर्धनाच्या कसोटीकडेच आहे. मात्र ह्याच कुळातील एक संवेदक कामास लागलेला आहे. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाण्यातील क्लोरीन विद्युदग्राच्या साह्याने अखंड मोजला जातो. जंतूंची गणना करणे कठीण असले तरी जंतुनाशक शिल्लक आहे की नाही, हे वीज आजही तत्काळ सांगू शकते.

दोन गैरसमज

विजेच्या नावावर पाण्याविषयी दोन गैरसमज आज पसरलेले आहेत. ते दूर करणे शिक्षकाच्या हाती आहे.

पेनासारखे एक उपकरण पाण्यात बुडवून, आकडा कमी आला म्हणजे पाणी चांगले, असे अनेकांना वाटते. हे टी.डी.एस. मीटर होय. ते पाण्याची संवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतूंशी त्याचा काही संबंध नाही. सह्याद्रीच्या झऱ्यांचे व पावसाचे पाणी मुळातच कमी क्षारांचे असल्याने ह्या उपकरणात ते उत्तम ठरेल, जरी त्यात शेण मिसळलेले असले तरी. उलट क्षारयुक्त पण निर्जंतुक पाणी त्यात वाईट ठरेल.

दुसरा प्रकार फसवणुकीचाच. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकावयास येणारे काही विक्रेते नळाच्या पाण्यात दोन धातूंच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. काही मिनिटांत पाणी तपकिरी व गढूळ होते, आणि पाहणारा घाबरतो. वस्तुतः ती घाण पाण्यातील नसते. लोखंडी कांडीच झिजून गंजाच्या रूपाने पाण्यात उतरलेली असते. त्यांच्या यंत्रातील पाणी स्वच्छ राहते, कारण त्यातील क्षार काढून टाकल्याने वीज फारशी वाहतच नाही.

वर्गात करावयाचे प्रयोग

१. दोन पेल्यांत सारखे नळाचे पाणी घ्यावे. नऊ व्होल्टच्या विद्युत्घटाला तारा जोडून एकात दोन लोखंडी खिळे व दुसऱ्यात पेन्सिलीची दोन शिसे बुडवावीत. ती एकमेकांस लागू देऊ नयेत. अर्ध्या-पाऊण तासात खिळ्यांच्या पेल्यात गंज दिसू लागेल, शिशांच्या पेल्यात दिसणार नाही. पाणी एकच, मग घाण कोठून आली, हे मुलांनाच विचारावे. पाण्यात मीठ घालू नये, कारण त्यापासून क्लोरीन वायू सुटतो. घरातील विजेचा उपयोग ह्या प्रयोगास कदापि करू नये. केवळ विद्युत्घट वापरावा.

२. विरजणाचा प्रयोग वर सांगितल्याप्रमाणे करावा. दर तासाला दोन्ही वाट्यांतील थेंब निळ्या लिटमस कागदावर ठेवून रंग केव्हा तांबडा होतो ते वहीत टिपावे. कालावधीवरून संख्येचा अंदाज कसा बांधतात, हे तत्त्व मुलांना त्यातून आपोआप उमगेल.

उपकरण येईपर्यंत

आता लेखाच्या आरंभीच्या त्या जुलैतील सकाळकडे परत येऊ. गुरुजींनी काय करावे?

निकालाची वाट न पाहता पाणी दूषित आहे असेच धरून चालावे. पिण्याचे व शिजविण्याचे पाणी खळखळून उकळवावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास व आरोग्यसेवकास त्वरित कळवून टाकीत टी.सी.एल. पावडरचे योग्य प्रमाणात द्रावण घालवून घ्यावे, अर्धा तास थांबावे, आणि मग ओ.टी. चाचणी करावी. पाण्यास पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. एक लिटरमध्ये निदान ०.२ मिलिग्रॅम तरी असावा. ही चाचणी काही क्षणांत होते, हे विसरू नये. जंतूंविषयीचे उत्तर परवा मिळते, पण क्लोरीनविषयीचे उत्तर आताच मिळते. म्हणून रोजच्या निर्णयाचा पाया क्लोरीनच असला पाहिजे. चाचणीसाठी घेतलेले पाणी मात्र फेकून द्यावे, कोणी पिऊ नये. पावडर ओलसर जागी उघडी राहिली की तिचा जोर जातो, हेही ध्यानात असावे.

नमुना पाठवावयाचा तो नीट घ्यावा. प्रयोगशाळेने दिलेलीच निर्जंतुक बाटली वापरावी व ती आधी विसळू नये, कारण क्लोरीनचा परिणाम थांबविणारे द्रव्य तिच्यात घातलेले असते. ते वाहून गेले तर वाटेतच जंतू मरतील आणि वाईट पाणी चांगले ठरेल. बाटलीच्या तोंडास वा झाकणास आतून बोट लावू नये, काठोकाठ भरू नये, आणि ती थंड ठेवून शक्य तितक्या लवकर पोहोचवावी.

ह्याखेरीज एक परीक्षा अशी आहे की तिला कोणतेच उपकरण लागत नाही. आरोग्य विभाग पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याच्या ठिकाणांची पाहणी करून ग्रामपंचायतींस लाल, पिवळी वा हिरवी कार्डे देतो. तीच पाहणी सातवीच्या मुलांनी आपल्या शाळेपुरती करावी. विहिरीचा कठडा फुटला आहे काय? हातपंपाच्या ओट्याभोवती पाणी साचते काय? शौचालयाचा खड्डा किती पावलांवर आहे? नळ गटारातून जातो काय? टाकीचे झाकण बसते काय, आणि ती शेवटी केव्हा धुतली? पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात हात बुडतो, की ओगराळ्याने पाणी घेतात? संवेदक फार तर एवढे सांगेल की विष्ठेचा संसर्ग झाला आहे. तो कोठून झाला हे शोधावयास डोळे व पाय लागतात.

पाण्याच्या शक्तीतून वीज निर्माण होऊ शकते, ह्यावर एके काळी सामान्य मनुष्याचा विश्वास बसला नसता. भिवपुरी व खोपोली येथे ते घडले आणि आता त्याचे कोणास नवल वाटत नाही. एक दिवस रक्तातील साखरेप्रमाणे पाण्यातील जंतूंचीही परीक्षा शाळेच्या ओट्यावर, मधल्या सुट्टीपूर्वी होईल, अशी आशा बाळगण्यास पुरेसा आधार आहे. त्या दिवशी आकडा वाचणारा यंत्रावर आंधळा विश्वास ठेवणारा नसावा. तो आकडा काय सांगतो व काय सांगत नाही हे जाणणारा असावा. असा नागरिक घडविण्याचे काम आजच, एका वाटीतील विरजणापासून, आपणांस आरंभिता येईल.